‘चेक’ची कुळकथा सांगणारा व्युत्पत्तिकोश

इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती देणारा एक ऑनलाइन कोश मी बरेच दिवस वापरत आहे. त्याची पारख करण्यासाठी मी ‘चेक’ हे रोजच्या वापरातले क्रियापद निवडले, आणि या नोंदीने मला मनापासून आनंद दिला. फारसीतील ‘शाह’ म्हणजे राजा हा शब्द बुद्धिबळासोबत अरबीत, तेथून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचला. राजावर हल्ला झाल्याची सूचना हा त्याचा मूळ अर्थ, त्यातून अडवणे, मग आवर घालणे, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस ताडून पाहणे हा आजचा अर्थ कसा निघाला, हे कोश पायरीपायरीने दाखवतो. (मराठीतील ‘शह’ हा याच शब्दाचा सख्खा भाऊ, हे वाचकाच्या लगेच ध्यानात येईल.) पटावरील चौकड्यांवरून कापडाच्या नक्षीला मिळालेले नाव आणि चौकड्यांच्या कापडावर पूर्वी हिशेब करणारे इंग्लंडच्या राजकोषाचे ‘एक्सचेकर’ हे खातेही येथे भेटतात.

उणीव मात्र गंभीर आहे. आवर घालण्यातून पडताळणीकडे अर्थ वळला, तो टप्पा एका ओळीत उरकला आहे आणि त्या काळातील वाक्यांचे दाखले दिलेले नाहीत. पडताळणे याच अर्थाचा ‘व्हेरिफाय’ हा शब्द लॅटिनमधील ‘खरा’ या अर्थाच्या ‘वेरुस’वरून आला, म्हणून त्यात सत्य आरंभापासूनच आहे, तर ‘चेक’मध्ये ते उशिरा आले, हा महत्त्वाचा फरकही नोंदीत सांगायला हवा होता. तरीही शब्दांच्या अभ्यासकांना मी हा कोश आवर्जून सुचवेन.