गार्डेल की श्नुर्बाइन?

भाची एम.ए.चा प्रबंध लिहितेय: ओडिन-थॉर या प्राचीन उत्तर युरोपीय देवांची पूजा पुन्हा सुरू करणारे आजचे पंथ आणि त्यांत शिरलेला वंशवाद. मात्तियास गार्डेल यांचं 'गॉड्स ऑफ द ब्लड' (२००३) आधी वाचू, की श्टेफानी फॉन श्नुर्बाइन यांचं 'नॉर्स रिव्हायव्हल' (२०१६), असं तिनं विचारलं.

खर्चाचा प्रश्न लगेच मिटतो. श्नुर्बाइन यांचं पुस्तक प्रकाशकाकडूनच मोफत उतरवून घेता येतं, गार्डेल विकत घ्यावं लागतं. दोन्ही चारशे पानांपुढची.

खरा फरक पद्धतीत आहे. गार्डेल अमेरिकेत फिरले, गोऱ्या वर्चस्ववाद्यांसमोर बसून मुलाखती घेतल्या. माणसं या वाटेला का लागतात, ते त्यांच्याच तोंडून कळतं. वाचताना अंगावर काटा येतो, पण पुस्तक सोडवत नाही. मात्र चित्र नव्वदच्या दशकातलं, इंटरनेटचा भडका उडण्याआधीचं.

श्नुर्बाइन मुळाशी जातात: एकोणिसाव्या शतकातला जर्मन स्वच्छंदतावाद (रोमँटिसिझम), मग 'फोल्किश', म्हणजे जर्मन वंशाचा अभिमान बाळगणारी, चळवळ. 'ओथाला' हे रुन-अक्षर (जुन्या जर्मानिक लिपीतलं) हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलानं वापरलं आणि २०१६मध्ये एका अमेरिकी नवनाझी संघटनेनं स्वस्तिकाच्या जागी तेच लावलं, यामागची परंपरा इथे उमगते. शिवाय वंशवाद झिडकारणारे उपासकही आहेत, हे त्या ठामपणे मांडतात. गार्डेलही हा भेद करतात, पण त्यांचा भर जहाल गटांवर. श्नुर्बाइन यांची भाषा जड आहे, दिवसाला दहा पानं झाली तरी पुष्कळ.

मुलाखतींवर आधारलेलं काम करायचं असेल तर गार्डेल घे. कल्पनांचा इतिहास लिहायचा असेल, किंवा हात आखडता असेल, तर श्नुर्बाइन.