शौचालय महिन्याच्या पासवर चालवायचं की दर खेपेला पैसे घेऊन?

वस्तीत शौचालयाचा नवा ब्लॉक मिळणार म्हटलं की मंडळाच्या बैठकीत भांडण होतं ते सीट किती आणि टाइल्स कुठल्या यावर. पैसे कसे घ्यायचे ते उद्घाटनानंतर बघू म्हणतात. ते आधी बघा. संडासात कोण येणार आणि कोण नाल्याकाठी बसणार, हे त्यावरच ठरतं.

मुंबईत दोन्ही पद्धती मुरलेल्या आहेत. 'पैसे द्या, वापरा' ही सुलभने 1974 साली पाटण्यात रुजवलेली रीत आपण स्टेशनबाहेर रोज पाहतो. पासची पद्धत इथे पसरली ती जागतिक बँकेच्या मदतीने राबवलेल्या वस्ती स्वच्छता कार्यक्रमातून. बांधकाम पालिकेचं, चालवणं वस्तीच्या नोंदणीकृत संस्थेकडे. सुरुवातीला एकदाच भरायची वर्गणी, दर प्रौढामागे 100 रुपये, घरामागे जास्तीत जास्त 500; पुढे महिन्याचा कौटुंबिक पास.

आता हिशोब करा. समजा, खेपेला दोनच रुपये. पाच जणांचं घर, माणशी दिवसाला एकदाच, तरी महिन्याचे 300 झाले. आणि घरात कुणाचं पोट बिघडलं तर? पैसे वाचवायची वेळ आली की आधी पोरं उघड्यावर जातात, मग बाया पाणी कमी पितात. पुरुषाला कामाच्या ठिकाणी सोय असते, म्हणून बैठकीत त्याला ही अडचण आठवतही नाही. पास असला की ही मोजामोजच उरत नाही.

पण पासचं दुखणं वसुलीत आहे. आमच्या गल्लीत पहिले तीन महिने सगळ्यांनी भरले, मग "पुढच्या महिन्यात नक्की देते, वहिनी" सुरू झालं. शेजारणीला नाही कसं म्हणायचं? मोटर जळाली तेव्हा पेटीत काही नव्हतं. भाडेकरूंना पास द्यायचा की नाही यावरून वर्षभर धुसफूस चालली ती वेगळीच. खेपेच्या पैशांत रोकड रोज हातात येते, टाकीचा उपसा वेळेवर होतो. मात्र ठेकेदाराचं लक्ष गल्ल्यावर असतं. रात्री गिऱ्हाईक नसलं की कुलूप.

घाटकोपरच्या आझाद नगरात 2016 मध्ये सुरू झालेलं सुविधा केंद्र हा तिसरा नमुना. तिथे आंघोळ, कपडे धुणं, पिण्याचं पाणीही मिळतं आणि धुण्या-आंघोळीचं पाणी शुद्ध करून फ्लशला वापरतात. छान आहे, पण त्याला मोठी जागा आणि मोठ्या कंपनीचा पैसा लागतो.

ब्लॉक वस्तीच्या पोटात असेल तर मी पासची पद्धतच निवडेन, भाडेकरूंसकट. ब्लॉकची एक बाजू रस्त्याला लागत असेल तर तिथल्या दोन-तीन सीट फेरीवाल्यांसाठी, रिक्षावाल्यांसाठी खेपेच्या दराने ठेवा. त्या कमाईतून दुरुस्ती निघते. बाजार किंवा स्टेशनलगत असाल तर पासचा खटाटोप नको. मुलांना दोन्हीकडे फुकटच जाऊ द्या. महिला मिलन या वस्तीतल्या बायकांच्या बचत गटांच्या संघटनेने नकाशातच मुलांच्या लहान सीट वेगळ्या मागितल्या होत्या, कारण मोठ्यांच्या रांगेत पोरांना कुणी पुढे जाऊ देत नाही.

दर ठरवण्याआधी दोन दिवस पहाटे पाच ते आठ जुन्या संडासाच्या रांगेजवळ उभे राहा आणि बाया, पुरुष, पोरं वेगवेगळी मोजा. वीजमीटर कुणाच्या नावावर आणि कुठल्या दराने आहे, तेही त्याच आठवड्यात विचारून घ्या. करार कुणाशीही होवो, रात्री किल्ली कुणाकडे राहणार ते त्यात नावानिशी लिहा.