आधी आकाश की आधी समुद्र?

भाचा विचारतो, "मामा, साठवलेल्या पैशांत स्कायडायव्हिंग शिकू की स्कूबा?" दोन्ही करणारे बरेच भेटतात, पण सुरुवात एकातूनच होते.

आधी खर्च. स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे पहिला कोर्स तीन-चार दिवसांचा. समुद्रात चार डाइव्ह झाल्या की 18 मीटरपर्यंत जायला मोकळे. स्कायडायव्हिंगच्या अमेरिकी पद्धतीच्या 'ए' लायसन्सला, म्हणजे पहिल्या परवान्याला मात्र किमान 25 उड्या, आणि दर उडीला विमानाचे पैसे मोजायचे. 13,000 फुटांवरून फ्री फॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं पडणं, जेमतेम मिनिटभर. एका सिलिंडरवर पाण्यात पाऊण तास सहज निघतो. मिनिटाचा भाव काढलात तर उत्तर उघड आहे.

सोय? तारकर्ली एका रात्रीच्या बसवर, फक्त पावसाळ्यात बंद. उडीसाठी हरियाणातलं नारनौल, नाहीतर सरळ परदेश. पुण्याच्या शीतल महाजनांनी तर 2004 मध्ये पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली, पण तो अपवाद.

सर्दी झाली की दोन्ही बंद. पाण्यात दोन-तीन मीटरवरच कान दडपतात. नाक चिमटीत धरून हवा ढकलावी लागते.

एकाच सहलीत दोन्ही बसवायचं तर आधी उडी, मग पाणी. उलट केलंत तर अंगात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरतो. साध्या प्रवासी विमानात बसायलाही एका डाइव्हनंतर किमान 12 तास, अनेक डाइव्हनंतर किमान 18 तास थांबायचं. गोव्यात सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळचं विमान धरणारे हेच विसरतात.

निवांत, मासे बघत रमणाऱ्याने स्कूबा घ्यावं. एका मिनिटासाठी वर्षभर पैसे साठवायची तयारी असेल, त्याने उडी. भाच्याला मी तारकर्लीचं तिकीट काढायला सांगितलंय.