शिबिर की वर्गात येणारा मार्गदर्शक?

मुलांचं वाचन सुधारायचं तर आधी शिक्षकांची तयारी हवी. ती शिबिरात करून घ्यायची, की मार्गदर्शकाने वर्गात येऊन?

शिबिर स्वस्त पडतं, एकदम शेकडो शिक्षक गाठता येतात. नवी पुस्तकं समजावून द्यायला ते ठीक. पण ऐकून वही भरते, हाताला वळण लागत नाही.

मार्गदर्शक प्रत्यक्ष शिकवणं बघतो. पोरं एका सुरात अख्खा धडा म्हणतात, बाईंना वाटतं वाचतायत. तो एका मुलाला मधलाच एक शब्द बोटाने दाखवतो आणि मुलगा अडतो. हे शिबिरात कसं कळणार?

दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात २०१५ पासून दोन वर्षं सेत्स्वाना या तिथल्या भाषेच्या वाचनासाठी दोन्ही प्रकार ताडून पाहिले. पाठयोजना, पुस्तकं दोन्हीकडे सारखीच. मार्गदर्शक जात होते त्या शाळांत वाचनातली सुधारणा शिबिरवाल्या शाळांच्या साधारण दुप्पट निघाली. दर मुलामागे खर्च वाढला, तरी पैशाच्या मानाने फायदाही तिथेच अधिक.

माझा कौल मार्गदर्शकालाच. मात्र तो तपासनीस होऊन आला, तर शिक्षक बसवलेला धडा करून दाखवतील आणि सगळं मुसळ केरात जाईल.