ॲमेझॉन की पांतानाल? आधी रजेचा महिना सांगा

ब्राझीलसाठी आठ-दहा दिवस हाताशी असतील, तर ॲमेझॉनचं जंगल आणि पांतानालची पाणथळ जमीन, दोन्ही एका दमात उरकायचा हट्ट सोडा. देश भारताच्या अडीचपटीहून मोठा आहे. निम्मी सहल विमानतळांवरच जाईल. नावावर भुलून ॲमेझॉन निवडणारेही बरेच फसतात, कारण तिथे जंगल दिसतं, जनावरं फारशी दिसत नाहीत. माकडं वर शेंड्यावर, बाकी सगळं पानांआड.

मग ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहराला जायचं कशाला? पाण्यासाठी. शहराजवळ रिओ नेग्रो आणि सोलिमोइस या नद्या भेटतात आणि सुमारे सहा किलोमीटर न मिसळता शेजारी-शेजारी वाहतात. एकीकडे कोरा चहा, दुसरीकडे दुधाचा. नेग्रोचा रंग कुजलेल्या पाल्याचा, सोलिमोइसचा अँडीजवरून आलेल्या गाळाचा. नेग्रो संथ आणि कोमट, साधारण 28 अंश. सोलिमोइस वेगवान आणि 22 अंशांच्या आसपास. होडीतून हात बुडवलात तर फरक बोटांना कळतो. नेग्रोचं पाणी आम्लधर्मी, म्हणून तिच्या काठी डासही कमी.

पण खरी गंमत उंचीची. मनाउसला नेग्रोची पातळी वर्षभरात साधारण दहा मीटर चढते-उतरते. जूनच्या सुमारास ती सर्वांत वर असते, तेव्हा होडी थेट झाडांच्या फांद्यांमधून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याच झाडांच्या बुंध्यांवर, तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर, पाण्याची रेघ दिसते. 2021च्या जूनमध्ये मनाउसच्या मोजपट्टीवर पातळी 30 मीटरच्या वर गेली होती. 2023 आणि 2024च्या दुष्काळात ती इतकी खाली गेली की कित्येक वस्त्यांपर्यंत होड्याच पोहोचेनात. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत डोळे मिटून मनाउस घ्या. दिवाळीत जाणार असाल तर मात्र पुन्हा विचार करा.

पांतानालचं गणित उलटं. नावाचा अर्थ दलदल, पण निम्मं वर्ष तिथे गुरं चरतात. जमीन इतकी सपाट की किलोमीटरमागे उतार जेमतेम काही सेंटिमीटर. उत्तरेत पडलेला पाऊस दक्षिणेत पोहोचायला महिने लागतात. पाऊस साधारण ऑक्टोबर ते मार्च. त्यानंतर पाणी आटत जातं, डबकी उरतात आणि मासे, मगरी, बगळे सगळे त्या डबक्यांभोवती गोळा होतात. आपल्याकडे गणपती असतात तेव्हा तिथे ऐन हंगाम.

कुयाबा शहरात विमानाने उतरायचं, पोकोने गावाहून ट्रान्सपांतानेइरा ही वाट धरायची. ही मातीची वाट खरं तर दक्षिणेकडच्या कोरुम्बा शहरापर्यंत जायची होती. सुमारे 145 किलोमीटरवर, पोर्तो जोफ्रेला, नदीकाठी संपली ती संपलीच. वाटेत शंभराहून जास्त पूल, त्यांतले बरेच एके काळी लाकडी. एखाद्या पुलावर गाडी थांबवून खाली वाका: चिखलात मगरी एकमेकींवर रेलून पडलेल्या असतात. पुढे पोर्तो जोफ्रेला होडीतून जग्वार बघायचा. जून ते ऑक्टोबर तो काठावर दिसण्याची शक्यता इथे जितकी, तितकी दुसरीकडे क्वचितच. ऑक्टोबरात उकाडा मात्र असह्य होतो, आणि कोरड्या वर्षी वणव्यांचा धूर. 2020मध्ये पांतानालचा फार मोठा भाग जळाला.

मुलं बरोबर असतील तर मी पांतानालच सांगेन. ॲमेझॉनमध्ये झाडांची नावं ऐकत चार दिवस काढायला मोठ्यांनाही चिकाटी लागते.

दोन्हीकडे पीतज्वराची लस हवीच, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. लस घेतल्याचं पिवळं कार्ड हातपिशवीत ठेवा. परतताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागू शकतं.