गावासाठी निधी: डबा फिरवायचा की लिंक?

कॉलेजच्या एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) गावातलं सात दिवसांचं शिबिर आटोपून परतलं की कुणीतरी म्हणतंच, "त्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी पैसे जमवू या." मग दोन तट पडतात. एक वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरणारा, दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन पैसे भरायची लिंक टाकणारा.

लिंक सोयीची. दुबईत असलेला माजी विद्यार्थीही रात्री अकराला पैसे पाठवतो, नोंद आपोआप राहते. पण मित्र-नातेवाईक संपले की आकडा हलत नाही. आणि पैसे एखाद्या पोराच्या स्वतःच्या खात्यात घेणं तर नकोच.

डब्यासाठी पाय झिजवावे लागतात. दहा दारं वाजवा, सहा उघडत नाहीत. उरलेल्या चारांत मात्र गप्पा होतात: "कुठलं गाव? पाणी कुठून आणतात?" त्यातूनच एखादा प्लंबर काका निघतो, जो फिटिंग फुकट करून देतो. हे लिंकवर मिळत नाही. (वडापावचा स्टॉल लावलात तर तेलाचा खर्च आधी वजा करा, सगळे विसरतात.) अडचण कागदांची. गणेश मंडळांप्रमाणे जाहीर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी बघावी लागते. देणगीदाराला प्राप्तिकरात सवलतीसाठी ८०जीची पावती हवी असेल तर तशी मान्यता असलेली संस्था सोबत घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

माझं विचाराल तर टाकीपुरतं काम असेल तर डबाच. बोअरवेलसारखा मोठा खर्च असेल तर लिंक, पण त्याआधी ग्रामसभेत जाऊन विचारा, त्यांना बोअर हवीय का.