द ऑफिस: स्लाऊचं आधी बघा, मग स्क्रँटनचं (दोन्ही सेटचा रिव्ह्यू)

ब्रिटिश विनोद आणि अमेरिकन विनोद यात नेमका फरक काय यावर लोक तासन्‌तास भांडतात, आणि बहुतेक वेळा दोन्हीकडून तीच ठरलेली वाक्यं येतात, ब्रिटिश म्हणे कोरडे आणि अमेरिकन म्हणे ढोबळ. ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने द ऑफिस या टीव्ही सिरीजचे दोन डीव्हीडी सेट घ्यावेत, एक बीबीसीचा, इंग्लंडातल्या स्लाऊमध्ये घडणारा, आणि एक एनबीसीचा, अमेरिकेतल्या स्क्रँटनमध्ये घडणारा, आणि पाठोपाठ बघावेत. कारण इथे मूळ मालमसाला एकच आहे. कागद विकणारी मरगळलेली कंपनी, स्वतःला फार विनोदी समजणारा साहेब, मागे फिरणारा डॉक्युमेंटरीवाल्यांचा कॅमेरा, रिसेप्शनवरची मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारा सेल्समन. प्रेक्षकांच्या हशाचा आवाज दोन्हीत नाही. म्हणजे जे काही वेगळं दिसतं ते बऱ्यापैकी विनोदाच्या स्वभावातूनच आलेलं असतं, बाकी गोष्टींना दोष देता येत नाही.

आधी थोडक्यात माहिती. ब्रिटिश ऑफिस २००१ च्या जुलैमध्ये बीबीसी टू वर सुरू झालं, लिहिलं आणि दिग्दर्शित केलं रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनीच. सहा-सहा एपिसोडच्या दोन सिरीज आणि २००३ च्या ख्रिसमसला दोन भागांचा स्पेशल, संपलं. अमेरिकन ऑफिस मार्च २००५ ते मे २०१३, नऊ सीझन, २०१ एपिसोड, ग्रेग डॅनियल्सने तिकडच्या मातीत रुजवलेलं. एक सेट एका वीकेंडला आरामात संपतो, दुसरा महिनोन्‌महिने पुरतो, आणि हा फरक नुसता लांबीचा नाहीये, त्यावर पुढे बोलतेच.

पहिला एपिसोड दोन्हीकडचा लागोपाठ बघा म्हणजे माझा मुद्दा लगेच दिसेल. कारण अमेरिकन पायलट जवळजवळ ब्रिटिश स्क्रिप्टवरूनच केलाय, सहकाऱ्याचा स्टेपलर जेलीत घालून ठेवायची खोडीसुद्धा तीच. शेवटाकडे एक सीन आहे. साहेब नवीन आलेल्या पोरावर छाप पाडायला म्हणून रिसेप्शनिस्टला केबिनमध्ये बोलावतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो की तू पोस्ट-इटच्या चिठ्ठ्या चोरल्यास, तुला कामावरून काढतोय. गंमत म्हणून. ती रडायला लागते. ब्रिटिश सीनमध्ये रिसेप्शनिस्ट डॉन रडतेय, तो नवीन पोरगा कुठे बघू अशा अवस्थेत बसलाय आणि साहेबाला, म्हणजे डेव्हिड ब्रेंटला, कळतंय की हे फसलं, पण माघार कशी घ्यायची ते येत नाही. आणि कॅमेरा हलतच नाही. कुणी सावरून घेत नाही, कुणी विषय बदलत नाही. तुम्ही आम्ही बघणारे पण त्या खोलीत अडकतो. अमेरिकन पायलटमध्ये पॅमच्या बाबतीत हेच घडतं, स्टीव्ह कॅरेल जीव ओतून करतो, पण सीन उसना वाटतो, अंगाला न बसलेल्या कोटासारखा. कॅरेल कमी पडला म्हणून नव्हे, त्याच्या आजूबाजूचं सगळं जग वेगळ्या विनोदाची वाट बघत होतं म्हणून.

मग दुसऱ्या सीझनपासून अमेरिकन लोकांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. त्यांनी मायकल स्कॉटला, म्हणजे कॅरेलच्या साहेबाला, माणूस म्हणून आवडण्याजोगा केला. तो मूर्खच राहिला, बोलायचं नाही ते बोलतच राहिला, पण तो मुळात उत्तम सेल्समन आहे हे दाखवलं, त्याला मुलंबाळं घरदार हवंय आणि ऑफिस हेच त्याचं कुटुंब आहे हे दाखवलं. ब्रेंटला असं संरक्षण कुणीच दिलं नाही. ब्रेंटला लोकांनी आपल्यावर हसावं असं वाटतं, म्हणजे आपण मोठे एंटरटेनर आहोत म्हणून, आणि ते कधीच होत नाही, आणि सिरीज त्याला त्यातून सोडवत नाही.

माझ्या मते खरा फरक इथे आहे. ब्रिटिश विनोद माणसाला तोंडघशी पाडतो आणि तिथेच ठेवतो, अमेरिकन विनोद पाडतो आणि एपिसोड संपायच्या आत हात देऊन उठवतो. यात उच्च-नीच काही नाही, दोन्हीला तेवढंच कसब लागतं.

दोन सीन सांगते, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. ब्रिटिश दुसऱ्या सिरीजचा पाचवा एपिसोड, ऑफिसात रेड नोज डे म्हणजे धर्मादाय निधी गोळा करायचा दिवस चाललाय. ब्रेंटने शहामृगावर बसल्यासारखा दिसणारा ड्रेस घातलाय, खोटे पाय लटकतायत. याच एपिसोडमध्ये तो प्रसिद्ध नाच आहे, तो तर सगळ्यांनी कुठे ना कुठे क्लिपमध्ये पाहिलाच असेल. पण मला नाचापेक्षा पुढचं जास्त लागलं, त्याच शहामृगाच्या ड्रेसमध्ये त्याला सांगतात की तुझी नोकरी गेली. आणि पुढच्या एपिसोडला हा माणूस, जो आत्तापर्यंत सगळ्यांना लाथाडून विनोद करत होता, तो वरिष्ठांपुढे अक्षरशः गयावया करतो की मला काढू नका, मी दुप्पट मेहनत करीन. हसू येत नाही तिथे, आणि तरी ही कॉमेडी आहे, कारण गेले अकरा एपिसोड ज्या फुशारकीवर आपण हसत होतो तिच्या खाली काय होतं ते आत्ता उघडं पडतं.

आता अमेरिकन तिसरा सीझन, बिझनेस स्कूल नावाचा एपिसोड. पॅमच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन आहे आणि ऑफिसातलं जवळजवळ कुणी फिरकत नाही. ऑफिसातला ऑस्कर आणि त्याचा जोडीदार येतात आणि ती मागे उभी असताना बोलतात की ही चित्रं मोटेलात लावतात तसली आहेत. इथपर्यंत शुद्ध ब्रिटिश. आणि मग सगळं आवरायच्या वेळेला मायकल येतो, उशिरा, चित्रांकडे डोळे मोठे करून बघतो, ही गिरवलेली वाटावीत इतकी चांगली आहेत असं म्हणतो (त्याच्या लेखी ही सगळ्यात मोठी शाबासकी), आणि ऑफिसच्या इमारतीचं चित्र विकत मागतो. मला तुझा अभिमान वाटतो म्हणतो. पॅम त्याला मिठी मारते आणि त्याच्या खिशात काहीतरी टोचतं, तर ते चॉकलेट असतं. किती बारीक विचार केलाय बघा, भावनेचा पूर येणार एवढ्यात खिशातलं चॉकलेट आणून बरोब्बर अर्धा इंच खाली उतरवलं. लोक अमेरिकन विनोदाला गोडगोड म्हणतात त्यांनी हा सीन नीट बघावा, गोडवा पेलायला किती तोल लागतो ते कळेल.

रिसेप्शनवरच्या मुलीवर जीव टाकणारे ते दोन सेल्समन, ब्रिटिश टिम आणि अमेरिकन जिम, यांच्यातही हेच दिसतं, आणि मला तर यात दोन देशांचा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसला. टिम म्हणतो मी ही नोकरी सोडतो आणि युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजी शिकायला जातो. पहिली सिरीज संपता संपता त्याला जरासं प्रमोशन मिळतं आणि तो राहतो. बस. त्यावर कुणी भाषण देत नाही, तोही स्वतःची समजूत घालतो आणि आपल्याला माहीत असतं की ही समजूतच आहे. जिम मात्र शेवटच्या सीझनमध्ये फिलाडेल्फियाला मित्रांबरोबर स्वतःची कंपनी काढतो आणि अखेरीस पॅमला घेऊन ऑस्टिनला निघतो. अमेरिकन गोष्टीत माणूस बाहेर पडू शकतो हा विश्वास आहे. ब्रिटिश गोष्टीत ऑफिस म्हणजे जिथे आयुष्य निघून जातं ती जागा, आणि त्यावर तक्रार न करता जोक करायचा ही तिथली सभ्यता.

साहेबाच्या मागेमागे करणाऱ्या ब्रिटिश गारेथ आणि अमेरिकन ड्वाइटचंही बोलायला हवं. गारेथ खराखुरा वाटतो, टेरिटोरियल आर्मीच्या बढाया मारणारा, असा माणूस कुठल्याही ऑफिसात सापडेल. ड्वाइटला बीटची शेती, शेतावर राहणारा चुलतभाऊ, स्वतःचे कायदेकानून, सगळं मोठं मोठं होत जातं. काही एपिसोडमध्ये ते अति होतं हे खरं. पण रेन विल्सनने ते इतक्या गांभीर्याने केलंय की चालून जातं.

आता लांबीचा मुद्दा. ब्रिटनमध्ये दोन लेखक बसून सहा एपिसोड लिहितात आणि मन भरलं की थांबतात, ही तिथली जुनी रीत, फॉल्टी टॉवर्सचे तर १९७५ आणि १९७९ मिळून एकूण बाराच एपिसोड आहेत. अमेरिकेत तेव्हा नेटवर्कला वर्षाला वीस-पंचवीस एपिसोड लागायचे, त्यासाठी एका खोलीत बसून लिहिणारी अख्खी टीम असते (इथे तर केली, रायन आणि टोबी करणारे कलाकारच लेखकही होते), आणि एपिसोडांचा साठा मोठा झाला की पुढे इतर चॅनेलांना पुन्हा विकून पैसा मिळतो. आता विचार करा, ब्रेंटसारख्या माणसाबरोबर तुम्ही २०१ एपिसोड राहू शकाल का? नाही राहू शकत, बारा एपिसोडमध्येच पोटात गोळा येतो. इतकी वर्षं घराघरात जायचं तर पात्रावर माया बसायलाच हवी. म्हणून मी म्हणते की अमेरिकन विनोदातली ऊब नुसती स्वभावाची नाही, धंद्याच्या गणिताचीही आहे, आणि ब्रिटिश कठोरपणा परवडतो कारण तो लवकर संपतो.

हा फरक दगडावरची रेघ समजू नका मात्र. साइनफेल्ड ही सिरीज अमेरिकनच, आणि त्याच्या लेखकांचा नियमच होता की पात्रांनी मिठ्या मारायच्या नाहीत आणि धडा शिकायचा नाही. उलट ब्रिटनमध्ये गॅव्हिन अँड स्टेसीसारखी मायेने भरलेली सिरीज आहे. खुद्द ब्रिटिश ऑफिसच्या ख्रिसमस स्पेशलमध्ये ब्रेंटला कॅरल नावाची भली बाई भेटते आणि तिची टिंगल करणाऱ्या फिंचला, म्हणजे आपल्याच मित्राला, तो आयुष्यात पहिल्यांदा शिवी हासडतो. तो एक क्षण इतका मोठा वाटतो कारण आधीचे सगळे एपिसोड त्यांनी हात आखडता ठेवला होता. आणि स्क्रँटनवाल्यांचा चौथ्या सीझनमधला डिनर पार्टी एपिसोड घ्या, मायकल आणि त्याची गर्लफ्रेंड जॅन पाहुण्यांसमोर एकमेकांना फाडून खातात आणि कुणीही सुटत नाही. माझ्या लेखी अख्ख्या अमेरिकन सेटमधला सर्वोत्तम एपिसोड तोच.

सेट म्हणून सांगायचं तर ब्रिटिशवाल्यात खोट काढायला जागाच नाही, एकही एपिसोड भरतीचा नाही. फक्त सबटायटल्स लावूनच बघा, कारण अर्धे विनोद अर्धवट सोडलेल्या वाक्यांत आणि पुटपुटण्यात आहेत आणि ते सुटले तर सिरीज संथ वाटेल. शिव्याही आहेत, मुलांबरोबर बघायची नाही. अमेरिकन सेटमध्ये कापलेले सीन भरपूर दिलेत आणि त्यातले बरेच मुख्य एपिसोडइतकेच चांगले आहेत, ते चुकवू नका. पण सातव्या सीझनमध्ये कॅरेल निघून जातो आणि नंतरचा आठवा सीझन मला फार कष्टाने बघावा लागला, सगळे जण मायकलच्या रिकाम्या जागेभोवती फिरतायत असं वाटत राहतं. नववा थोडा सावरतो आणि शेवटचा एपिसोड छान आहे.

क्रम मात्र स्लाऊ आधी, स्क्रँटन नंतर असाच ठेवा. उलटा ठेवलात तर मायकलची सवय झालेली असते आणि ब्रेंटलाही कुणीतरी येऊन सावरेल याची वाट बघत तुम्ही ती सिरीज चुकीच्या अपेक्षेने बघाल. अमेरिकन पहिला सीझन सहाच एपिसोडचा आहे, लोक तो सोडा म्हणतात, मी म्हणते सोडू नका, दुसऱ्या देशाचा विनोद आपल्या अंगावर घालून बघताना तो कुठे कुठे काचतो ते त्यात दिसतं. ब्रिटिश सेटला पाचपैकी पाच. अमेरिकन सेटला चार, आणि दुसरा ते पाचवा सीझन सुटे मिळत असतील तर त्या चार सीझनना माझ्याकडून पाच.